एकाच राखीच्या दोन नोंदी

दुर्गेश्वरीने रजिस्टर कुंदाबाईच्या पुढ्यात आदळलं आणि राखीच्या नावावर बोट ठेवलं.

"ही बाई गावात हाय, का नुसती कागदावर हाय?"

"हाय म्हणजे! पहिलटकरीण हाय, म्याडम, माहेरी आली. बीपी वाढून राहिला तिचा. अन् सिस्टरच्या यादीत तिचं नावच नाही. काऊन?"

दुर्गेश्वरी देवरीकडच्या आरोग्य केंद्रात संगणकावर नोंदी भरायची. कुंदाबाईसारख्या आशाताई आपापल्या गावचं रजिस्टर आणत, ती ते संगणकात भरी, आणि त्या यादीवरून सिस्टर घरोघर तपासायला जाई. पूर्वी एका गावात कागदावर पन्नास गरोदर बाया आणि प्रत्यक्षात तीस, असला कारभार तिने पाहिला होता. तेव्हापासून बाई ताकही फुंकून प्यायची. मागच्या महिन्यात तिला एकाच फोन नंबरवर दोन राख्या सापडल्या. एक राखी हिमांशू, मुर्री गावची. दुसरी राखी सुकराम, कुंदाबाईच्या गावची. बाळंतपणाची तारीखही तीच! डाळीत काहीतरी काळं आहे म्हणत तिने दुसरी काढून टाकली होती, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"चला, दाखवा मले तुमची राखी," ती म्हणाली आणि तिने स्कूटी काढली.

कुंदाबाई मागे बसून वाटभर रजिस्टर छातीशी धरून होती. त्याचाही दुर्गेश्वरीला संशय येत होता.

राखी खरंच होती. ओसरीवर खाटेवर बसली होती, चेहरा सुजलेला, पाय भोपळ्यासारखे फुगलेले. जोडवी पायात नव्हती, पदराच्या टोकाला बांधलेली होती.

"साबण लावून काढली," तिची आई ओशाळून म्हणाली. "सवाशिणीनं काढू नये, कळते मले. पण बोटं निळी पडून राहिली होती."

"मुर्रीची आशाताई येत नाही?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"ते म्हणते, तू माहेरी गेली, आता तिकडचे पाहतील."

"अन् इथं बापाचं नाव काऊन लिहिलं?"

राखीच्या आईला प्रश्नच कळला नाही. "माहेरी पोरगी बापाच्याच नावानं असते ना वं बाई!"

हिमांशू नवरा, सुकराम बाप; दोन्ही नोंदींतली राखी एकच होती. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. फोनमधून डॉक्टरांचा चढलेला आवाज ओसरीभर ऐकू आला, "एवढी जोखमीची बाई, नाव यादीत कसं नाही?" कुंदाबाईने मान खाली घातली. असल्या वेळी बोलणी कुणाला बसतात, हे तिला पाठ होतं.

"मी काढलं, सर," दुर्गेश्वरी म्हणाली. "मले बोगस वाटलं."

तासाभरात गाडी येऊन राखीला गोंदियाला घेऊन गेली. दुपारी राखीच्या आईचा फोन आला. भरती करून घेतली, डॉक्टर म्हणाले आजच आणली म्हणून बरं, उद्यावर गेलं असतं तर काही खरं नव्हतं.

दुर्गेश्वरी संगणकापुढे बसली. तिने कुंदाबाईला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. चष्मा लावून मागे उभी राहिली.

"नाव टाकून राहिल्या ना?"

"हो."

"मले पाहू द्या."

दुर्गेश्वरीने स्क्रीन तिच्याकडे वळवला. कुंदाबाईने बोट लावून वाचलं. राखी. सासर मुर्री. मग माहेरचं गाव, आणि बापाचं नाव.

"झालं का समाधान?"

"बंद करा," कुंदाबाई म्हणाली. "अन् पुन्हा उघडून दाखवा."

दुर्गेश्वरीने बंद केलं आणि पुन्हा उघडून दाखवलं.