खारट कुत्र्यांचा सिंटरक्लास

तर हिन्केला ज्या दिवशी बँडमधून काढलं ना, त्या दिवशी सातशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती स्वतः हसली.

खारट कुत्रे म्हणजे डच किनाऱ्यावरच्या हार्लिंगेन गावचा बँड. सव्वीस वर्षांचा. सुरुवातीला इंग्रजीत गायचे, कुत्रंसुद्धा ऐकायला उभं राहायचं नाही, मग आपल्या फ्रिशियन बोलीत गायला लागले आणि गावोगावच्या बिअरच्या तंबूंत पाय ठेवायला जागा उरेना. 'भरती' हे गाणं तर दोन उन्हाळे रेडिओवर सारखं चालू होतं. आता पोस्टर बघायचं तर त्यात मधोमध गायक रिन्झे, काळे केस, हनुवटी वर, आणि त्याच्या आजूबाजूची डोकी दर दोन-तीन वर्षांनी वेगळी. एकदा तर घाई इतकी, की जुन्याच फोटोवर नवीन गिटारवाल्याचं डोकं चिकटवलं होतं. खाली धड सिब्रेनचं, वर डोकं भलत्याचंच! सिब्रेनच्या बायकोने ते पोस्टर बाजारात बघितलं आणि धडावरून नवऱ्याला ओळखलं.

अकरा जण गेले असे. आणि सगळे एकाच पद्धतीने गेले.

सिंटरक्लास, म्हणजे बोटीतून येऊन छपरांवरून फिरत पोरांना भेटी वाटणारा संत, लाडाने नुसता सिंट; डिसेंबरातल्या त्याच्या सणाच्या आधीच्या रविवारी दुपारी कुत्र्यांचा कार्यक्रम असतो, बंदरावरच्या जुन्या मासळी लिलावाच्या हॉलमध्ये. पोरंबाळं, आज्या, सगळे येतात, खांद्यावर पोरं, खिशात पेपरनोटची बिस्किटं. गाणी झाली की मधे बँडवाले स्टेजवरच एकमेकांना पुडकी देतात. घरोघरी करतात तसंच, आधी चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी भेट बांधायची आणि त्याची टर उडवणारी कविता लिहायची, खाली सही सिंटची. ज्याची कविता त्यानेच ती मोठ्याने वाचायची, शेवटपर्यंत. आधी डोळ्यांनी पुढे जाऊन बघायचं नाही. आणि रागवायचं तर मुळीच नाही, कारण लिहिलंय सिंटने, सिंटवर कोण रागावणार?

गेल्या वर्षी हिन्के एकोणपन्नास वर्षांची. एकोणीस वर्षं ड्रमवर. पुडकं उघडलं तर आत लोकरीच्या सपाता. आणि कागद. तिने माइक घेतला आणि वाचलं:

"सिंटने ऐकले ड्रम दोन्ही कान देऊन,
हिन्केबाई हल्ली येतात उशिरा धावून.
एकोणीस वर्षं ठोकून हात झाले जड,
ठोका इकडे, गाणं तिकडे, मधे धडपड.
दमल्या जिवाला हवी आता गादी मऊ,
सिंट म्हणतो, पुढच्या साली नका तुम्ही येऊ."

हॉल हसून हसून आडवा. तीही हसली. पोरं बघत होती ना! आणि तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिथे युरे नावाचा एक तेवीस वर्षांचा मुलगा हातात काठ्या घेऊन उभा होता. मग तिने रिन्झेकडे बघितलं. त्याने दोन्ही हात पसरले, म्हणजे काय करणार बाई, सिंटचं म्हणणं!

मंगळवारी तालमीला ती गेली तर कुलूप बदललेलं.

ते हसू तिच्या घशात अडकलं, माशाचा काटा अडकावा तसं. तेर्शेलिंग बेटाच्या बोटीच्या तिकीट खिडकीवर ती बसायची, आणि रांगेतला कोणीतरी हमखास म्हणायचा, "काय हिन्के, सपाता घालून आलीस का?" आणि ती तिकीट द्यायची आणि परत हसायची. घरी आली की त्या सपाता दाराशी दिसायच्या. फेकल्या नाहीत हं तिने. मुद्दाम तिथेच ठेवल्या. डूख धरायचा तर तो रोज डोळ्यांसमोर असलेला बरा, असं तिचं म्हणणं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. आणि मग नोव्हेंबरात एका सकाळी खिडकीसमोर मारित उभी. मारित म्हणजे कुत्र्यांची बेस गिटारवाली, सहा वर्षं झाली होती तिला.

"एक तिकीट दे."

"कुठलं?"

"कुठलंही दे. मागे रांग आहे." आणि तिने पैशांऐवजी एक चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, रिन्झे.

हिन्के बघतच राहिली. "चिठ्ठीत तुला निघालाय?"

"मला निघालाय. आणि त्याने माझी काढलीये, बाहीतून. मी बघितलं ना! डबा हलवतो आणि चिठ्ठी बाहीतून येते. दरवर्षी असंच करतो, माहितीये?"

"मग तू गेलीस."

"मी गेले," मारित म्हणाली. "त्याच्या बहिणीची मुलगी बेस शिकतेय, वसंतापासून. पण युरे आणि गिटारवाला, दोघंही म्हणतात, आता पुरे. चौघांतले तिघं आम्ही. फक्त मला यमक जुळवता येत नाही गं. मी लिहिलं तर ते वाणसामानाच्या यादीसारखं होतं."

मागून एक म्हातारे ओरडले, "अहो, बोट सुटेल माझी!"

"सुटू दे आजोबा, समुद्र कुठे जातोय?" हिन्के म्हणाली. मग खाली वाकून मारितला म्हणाली, "मी लिहिते."

"एक सांगू? राग नको मानूस. तुला परत घेता येणार नाही हं. युरे चांगला वाजवतो."

हे लागलं तिला. छातीत लागलं. पण ती म्हणाली, "मी विचारलं का? नाही ना? मला फक्त एकच पाहिजे. मी जसं वाचलं तसं त्याने वाचायचं. त्याच जागी, त्याच लोकांसमोर, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि वाचून झाल्यावर हसायचं."

त्या दिवसापासून ती सुटलीच. काढलेल्या प्रत्येकाच्या दारात सायकल लावून उभी. दोघं वारले होते, एक कॅनडाला होता, त्याला फोन केला. प्रत्येकाकडून एकच गोष्ट मागायची, तुला का काढलं ते एका वाक्यात सांग, यमक मी बघते. एकाला पोट सुटलं म्हणून काढलेलं. एकाला टक्कल पडलं म्हणून. कॅनडावाला फोनवर चार मिनिटं नुसता शिव्याच देत होता, त्यातली एकही ओळ पोरांसमोर वाचण्यासारखी नव्हती.

सिब्रेन, तो पोस्टरवरचा धडवाला, आता शाळेची बस चालवतो. तो मात्र आधी तयारच होईना.

"सोड ना हिन्के. सोळा वर्षं झाली मला. मी विसरलो."

"विसरलास? मग गिटार कुठाय तुझी?"

"माळ्यावर."

"का?"

तो बसची काच पुसायला लागला.

"सांग ना राजा, का माळ्यावर?"

"कारण खाली असली की दिसते," तो म्हणाला. आणि मग बसच्या दारातच पायरीवर बसला, आणि एकदम भडाभडा सांगायला लागला, की मी एकच गाणं मागितलं होतं गं, एकच, माझं स्वतःचं, आणि तो स्टेजवर इतका गोड हसला होता! "घे लिहून," म्हणाला. "आणि ऐक, हे मोठ्या अक्षरात लिही. तो चष्मा लावत नाही, मिरवायचं असतं ना. उगाच वाचता आलं नाही म्हणून सुटायचा."

हिन्केला हे सुचलंच नव्हतं. मग दोघांनी मिळून कागदाची लांबच लांब पट्टी केली, एकेका ओळीला हातभर जागा, आणि ती गुंडाळून नळीत घातली. म्हणजे गंमत अशी, की जेवढं उलगडेल तेवढंच दिसणार. पुढे डोकवायचं म्हटलं तरी काही दिसायचं नाही.

आणि तो रविवार उजाडला. बाहेर वारा असा की सायकली आपोआप आडव्या होत होत्या, आत गच्च गर्दी. हिन्के मागच्या खांबाला टेकून उभी, शेजारी सिब्रेन, आणि इकडेतिकडे विखुरलेले बाकीचे, पोट सुटलेला, टक्कलवाला, सगळे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

भेटी सुरू झाल्या. युरेला झालं, गिटारवाल्याला झालं. मग मारितने आपल्याला आलेलं मोठं पुडकं न उघडताच बाजूला सारलं आणि रिन्झेसमोर एक बादली ठेवली. बादलीत घट्ट, थंडगार मटारचं सूप. चमचा उभा राहील असं.

"हात घाला राजे," मारित म्हणाली. "सिंटने तळाशी ठेवलंय."

पोरं किंचाळायला लागली. रिन्झेने बाही कोपरापर्यंत सरकवली, आणि बघा, लोकांना हसवायचं कसं ते त्याला बरोबर कळतं, त्याने असा चेहरा केला की आज्या रडेपर्यंत हसल्या. सुपातून त्याने नळी काढली, सॉसेजचा एक तुकडाही निघाला, तो त्याने खाल्ला. टाळ्या! मग पट्टी उलगडली आणि वाचायला लागला, त्या गोड, खर्जातल्या आवाजात:

"सिंट आला बोटीतून, पोतं भरून आणलं,
सव्वीस वर्षांचं रिन्झेचं गाणं सिंटने जाणलं.
आवाज त्याचा गोड फार, केस अजून काळे,
कलपाची बाटली कुठून येते सिंटलाच फक्त कळे."

हशा. त्याने केसांवरून ऐटीत हात फिरवला, तोच सुपाचा हात! आणखी हशा.

"पहिला गेला पोटामुळे, दुसरा टकलापायी,
तिसऱ्याने मागितलं एकच गाणं, त्याला जागा नाही."

इथे तो जरा अडखळला. एवढंसंच. हिन्केने खांबामागे हाताची मूठ केली. बघ, बघ, कळायला लागलं.

"दरवर्षी चिठ्ठी निघते तुझ्याच बाहीमधून,
सिंटने बघितलं रे बाबा, छपरावर बसून."

आता तो थांबला. पट्टी हातात, सूप कोपरावरून टपटप. त्याने मारितकडे बघितलं. ती आपला बेस गळ्यात अडकवत होती. युरे ड्रममागे जाऊन बसला होता. रिन्झेने माइक किंचित खाली केला आणि हसून म्हणाला, "सिंटचं अक्षर फार वाईट बुवा, उरलेलं घरी जाऊन..."

हिन्के खांबापासून पुढे सरकली. गेलं. सुटला हा!

आणि पुढच्या रांगेत बापाच्या खांद्यावर बसलेली एक पाच-सहा वर्षांची मुलगी ओरडली, "चीटिंग! पूर्ण वाचायचं असतं!"

"वाच!" दुसरं पोर. "वाच! वाच! वाच!" आणि मग अख्खा हॉल, सातशे माणसं, पाय आपटून. आता काय करतो? सिंटच्या कवितेवर रुसला असं बारा गावांत झालं असतं. हे ओरडणाऱ्यांत हिन्के नव्हती. तिला ओरडायची गरजच नव्हती.

त्याने वाचलं. आवाज पातळ झाला होता.

"अकरा खांबांवर उभं घर, वर मिरवतं कौल,
खांब काढले एकेक करून, कौलाला नाही चाहूल.
सव्वीस वर्षं झाली राजा, माइक ठेव खाली,
पुढचं गाणं तुझ्यावाचून, तुझी वेळ झाली."

पट्टी संपली. हॉल टाळ्यांनी दणाणला. आणि रिन्झे हसला. तेच हसू! ओठ वर, डोळे कुठेच नाहीत, पोरं बघतायत म्हणून हसलेलं. हिन्केने ते डोळे भरून बघितलं, शेवटपर्यंत, पापणी न हलवता.

तेवढ्यात मागे युरेने चार ठोके दिले, आणि 'भरती' सुरू झालं. गात होती मारित. लोकांना वाटलं गंमत आहे, पहिलं कडवं हसतच ऐकलं, दुसऱ्या कडव्याला हसणं विरलं, आणि तिसऱ्याला सगळे गायला लागले. रिन्झे स्टेजच्या कडेला उभा. कोणी त्याला माइक दिला नाही. गाणं संपल्यावर तो मारितजवळ गेला आणि काहीतरी बोलला, आणि तिने माइकवरच उत्तर दिलं, "नाव तुझंच आहे ना? घेऊन जा की! कुत्रे तुझे. आम्ही दुसरं नाव शोधू."

तो मागच्या दाराने बाहेर पडला.

हिन्के सायकल उचलायला गेली तर तो तिथेच, धक्क्यावरच्या नळाखाली हात धूत. थंडीने बोटं लाल. तिला बघून म्हणाला, "ती खांबांची ओळ. तुझी ना?"

"माझी."

"वाटलंच. मारितला एवढं जमायचं नाही." मग नळ बंद केला, बराच वेळ बंदच करत राहिला. "मला वाटायचं तुम्हाला ते सोपं जात असेल. समोर बसवून, तोंडावर सांगण्यापेक्षा. सगळे हसतायत, गोड गोड..."

"आता कळलं ना किती सोपं जातं?"

त्याने ओले हात पँटला पुसले. मग म्हणाला, "माफ कर हिन्के."

वर्षभर तिने हे शब्द मनात किती वेळा त्याच्या तोंडी घातले होते! आणि आता ते समोर आले तर तिला त्यांचं काय करायचं तेच कळेना. नकोच होते ते तिला.

"ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "अजून दहा जणांना लागेल. दोघं तर वारले, त्यांच्या बायकांकडे जा."

"आणि बरं वाटलं का तुला? असं करून?"

तो विचारत होता ते असं, की तिने नाही म्हणावं, निदान मान खाली घालावी. तिने सायकल वळवली, टांग टाकली.

"हो," म्हणाली. "खूप."

घरापर्यंत वारा समोरून होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती उभी राहून पेडल मारत होती, आणि मोठमोठ्याने 'भरती' गात होती, बेसूर. तिला उगाच कुठे पोकळी बिकळी जाणवली नाही. तिला खरंच बरं वाटत होतं.