कमळाकरशेठचा पासवर्ड

पेणच्या रामवाडीत छापखाना चालवणाऱ्या कमळाकरशेठचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. सत्त्याण्णव साली त्याने कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्या संशयाला नवं काम मिळालं. लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला ठेवलेली निशिगंधा मन लावून काम करायची. पण तिने सगळ्या पत्रिका दुसऱ्या छापखान्याला नेऊन दिल्या तर? म्हणून त्याने मशीन सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड घातला. रोज सकाळी तो तिला भिंतीकडे तोंड करून उभं करी आणि मगच टाइप करी.

एका सोमवारी त्याला यायला उशीर झाला. दाराची एक किल्ली तेवढी तिच्याकडे असे. पाहतो तर कॉम्प्युटर चालू, आणि निशिगंधा दाजींच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवतेय! गिऱ्हाईक म्हणून आलेले दाजी शेजारीच बसलेले.

"पासवर्ड कुणी दिला गो तुला?"

"त्यानं विचारलाच नाय, शेठ. एक बटण दाबायला सांगितलं, दाबलं, झाला चालू."

"मला शिकवतेस? कुलूप आपोआप उघडतं व्हय?"

दाजींच्या देखत त्याने तिला चोर ठरवून घरी पाठवलं. दाजी तिच्याच गावचे. संध्याकाळपर्यंत पोरगी गावभर बदनाम झाली.

शेठने नवा पासवर्ड घातला, दारालाही नवं कुलूप लावलं. सकाळी मशीन पासवर्ड न विचारता चालू! ही बया आत येते कुठून, कौलं काढून? शेठ टेबलावर चढून कौलं तपासत बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी त्याने रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आदेशला बोलावलं. कॉम्प्युटर त्यानेच बसवला होता.

आदेशने डबा उघडला आणि आतला नाण्याएवढा सेल काढून दाखवला. "पासवर्ड लक्षात ठेवणारा हा सेल संपलाय, शेठ. वीज बंद केली की पासवर्ड पुसला जातो. तारीख बघा, ऐंशी साल दाखवतंय. कुणाचा हात नाय लागलेला."

शेठला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच तो खाडीकाठच्या गावी निशिगंधाच्या दारात गेला.

"सेल संपला व्हता गो. चुकलं माझं. उद्यापासून ये. पासवर्डही तुला सांगतो."

"तो मला पहिल्या दिवसापासून ठाव हाय," ती म्हणाली. "टाइप करताना तुमी एकेक अक्षर तोंडानं बोलता."

"मग कधी वापरला नाय?"

"तुमी नको सांगितलेलं."

निशिगंधा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"आता हेच दाजींच्या अंगणात, चार माणसांत सांगा. कामाचं मग बघू."

शेठने खाली काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि दाजींच्या घराची वाट विचारली.