काटा आणि आकडा

कोंडीबा म्हसवडकडचा मेंढपाळ. विहिरीत पडलेलं कोकरू काढायला उतरला, पाय घसरला आणि गाळाचं पाणी छातीभर घेऊनच वर आला. कराडच्या डॉक्टरांनी हात टेकले म्हणून त्याला सांगलीच्या दवाखान्यात आणलं. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत या दवाखान्यात श्वास देणारं यंत्र होतं, पण एकच. ते चालवायची डॉक्टर श्रद्धा. तिच्यावरचे मोठे डॉक्टर सुमंत नेमके साताऱ्याला लग्नाला गेलेले. मोठ्या माणसांना लग्नं बरोबर अशाच दुपारी निघतात.

कोंडीबाच्या फुप्फुसांचा तळ मिटून गेला होता. श्रद्धाने यंत्राचा दाब वाढवला. त्या दाबाने हवेचे मिटलेले कप्पे उघडले तर माणूस जगेल. ते न उघडता आधीचे उघडे कप्पेच ताणले गेले, तर फुप्फुस फुटेल. वरून पाहणाऱ्याला दोन्हीत काही फरक दिसत नाही. रक्ताचा नमुना बर्फात घालून मिरजेला पाठवला होता, त्याची वाट पाहण्याइतकी उसंत नव्हती. तिच्यापाशी दोनच गोष्टी होत्या. एक, बोटाला लावलेल्या चिमट्यावरून येणारा प्राणवायूचा आकडा. दुसरी, श्वासाच्या यंत्रावरचा दाबाचा काटा.

आकडा ऐंशीच्या आसपास घुटमळत होता. श्रद्धा आणि नर्स मयूरी पाठमोऱ्या होऊन सिलिंडर बदलत असताना चिमट्याचं यंत्र केकाटलं आणि लगेच गप्पही झालं. दोघी वळल्या तर आकडा शहाण्णव. मयूरी हसली. कोंडीबाची बायको रंगुबाई चादरीखाली त्याचा हात धरून बसली होती, तिनेही मान वर केली. श्रद्धाला तर हायसं वाटून रडूच यायचं बाकी होतं. दाब लागू पडतोय, मग आणखी थोडा वाढवावा म्हणून तिने बटणाला हात घातला.

तेवढ्यात काट्याकडे लक्ष गेलं. तिने दाब वाढवला होता त्याहूनही तो वर चढला होता. कप्पे उघडले असते तर तेवढाच श्वास आत ढकलायला दाब कमी लागला असता. इथे जास्त लागत होता. काटा बिघडला असेल, तिने मनाला समजावून पाहिलं. चांगली बातमी कुणाला नको असते?

तरी तिने कोंडीबाच्या मानेवर बोटं ठेवली. नाडी सुसाट धावत होती. नाडीच्या ठोक्यागणिक वाजणारी चिमट्याच्या यंत्राची टिकटिक मात्र सावकाश चालली होती. ही टिकटिक या माणसाची नाहीच, हे कळताच ती रंगुबाईकडे वळली. तिने चादर ओढली. चिमटा रंगुबाईच्या बोटाला होता.

"त्येंच्या हाताला बिरोबाचा भंडारा लावाया काढला, बाई," रंगुबाई घाबरून म्हणाली. "तसं ते वरडाया लागलं. माज्या बोटाला लावलं, तवा गप झालं."

श्रद्धाला संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. बटण तिनेच फिरवलं असतं. कोंडीबाचं पिवळं बोट पुसून तिने चिमटा लावला. आकडा शहात्तर. दाब उतरवला, तरी आकडा हलेना.

एकच उपाय उरला होता, माणसाला पालथं घालायचं, म्हणजे पाठीकडच्या मिटलेल्या कप्प्यांवरचा भार हलका होतो. तिने तो मुंबईत एकदाच पाहिला होता. उलटताना घशातली नळी निसटली तर सगळं संपलं. विचारायला कुणी नव्हतं. तिने नळी दोन्ही हातांनी धरली, मयूरीला पायांकडे उभं केलं आणि खांद्यांशी रंगुबाईला घेतलं. लोकर कातरताना मेंढरं उलथणारे हात होते ते. श्रद्धाने सांगताच त्यांनी कोंडीबाला अलगद फिरवलं.

काटा आधी वर गेला. मग तो हळूहळू उतरू लागला. तेवढाच श्वास, पण दाब कमी. पाठीकडचे कप्पे उघडत होते. मागोमाग आकडाही चढला, ब्याऐंशी, पंच्याऐंशी, एक्क्याण्णव.

रंगुबाई खाटेपासून चार हात लांब जाऊन उभी राहिली. दोन्ही रिकामे पंजे तिने पुढे धरले होते.

"बाई, ह्यो आकडा त्येंचाच हाय न्हवं?"

श्रद्धाने मानेची नाडी टिकटिकीशी पुन्हा ताडून पाहिली.

"त्यांचाच," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.