एकटी ठेवलेली पेशी

म्हातारपणी माणूस काय शिकायला घेईल याचा नेम नाही. रिसोडच्या दौलतरावांनी मेंदूच्या पेशी शिकायला घेतल्या. त्यांचा जन्म गेला विजेच्या खांबांवर चढण्यात, आणि शाळेत विज्ञानाशी त्यांचं नातं सासू-सुनेचं. पण लेक धम्मदीपा बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत मेंदूवर काम करायची, आणि बायको भागिरथा गेल्यापासून त्या लेकीशी फोनवर काय बोलावं हेच त्यांना उमजत नव्हतं. मायलेकी बोलायला लागल्या की वेळेचं भान नसे. बापाच्या हातात फोन आला की 'बरी हायेस?' 'बरी हाये', संपला विषय.

एकदा काहीच सुचेना म्हणून त्यांनी विचारलं, "दीपा, तू तिथं करतं तरी काय वं?"

आणि पोरगी खुलली. मेंदूत ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशी असतात, तारापेशी. त्या इतर पेशींचं खाणंपिणं बघतात. त्यांच्यातच थोड्या मूळ पेशी दडलेल्या असतात, नव्या पेशींना जन्म देणाऱ्या. पण रूप तेच. रंग लावून बघावं तर दोघींवर एकच रंग चढतो.

"मंग वळखता कशा?"

"एकेकीले वेगळं काढतो, बाबा. बशीतल्या एका खळग्यात एकच ठेवतो. तिच्यापासून नव्या पेशी झाल्या तर ते मूळ पेशी. नाई तर साधी तारापेशी."

"एकटीच? मंग जगते कशी?"

"तारापेशी ज्या पाण्यात राह्यल्या ते पाणी तिले घालतो. त्यायनं सोडलेलं काई काई असते त्यात. त्याच्यावर तग धरते."

फोन ठेवल्यावर दौलतराव ओट्यावर बसून राहिले. एवढी नवलाची गोष्ट, आणि आत जाऊन सांगायला घरात माणूस नाही. त्यांना फार एकटं वाटलं.

तेव्हापासून ते मोबाईलवर पेशींचे व्हिडिओ बघू लागले. निम्मं डोक्यावरून जाई. पण दर फोनला एक नवा प्रश्न मात्र तयार असे, आणि फोन लांबत जाई. बापाला तेवढंच हवं होतं. शेवटचा प्रश्न ठरलेला: "अन् ते एकटी ठेवलेली कशी हाये?"

"हाये अजून. तशीच हाये," दीपा सांगे, आणि दौलतरावांचा जीव भांड्यात पडे. सोयाबीन निघालं, हरभरा निघाला, तरी पेशी होतीच.

हे कौतुक त्यांनी अनिसा मॅडमना सांगितलं. मॅडम त्याच गल्लीतल्या, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या आधी हसल्या, मग थांबल्या.

"दौलतभाऊ, एकटी पेशी इतके महिने तशीच नाई राहत. वाढते, नाई तर मरते. महिन्याच्या आत फैसला होते."

लेक आपल्याला बनवते आहे म्हणून दौलतरावांना राग आला. घरी पोचेपर्यंत रागाची भीती झाली. पोरगी आजारी असेल, काही बिघडलं असेल आणि बापापासून लपवत असेल. त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी फोन आला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"हाये, बाबा. तशीच हाये."

"दीपा, ते इतके दिवस जगत नाई. अनिसा मॅडमनं सांगतलं मले."

पलीकडे कुकरची शिटी झाली.

"ते काम दिवाळीलेच बंद झालं, बाबा," दीपा म्हणाली. "आता एका कंपनीत कागदं तपासून राह्यली मी. बरी हाये. काळजी नका करू."

"अन् ते पेशी?"

"ते तं तवाच मेली."

तब्येत बरी आहे, काम आहे, पोरगी जेवण रांधते आहे. दौलतरावांना आधी हायसं वाटलं. मग वाईट वाटलं, आणि आवाज चढला. "मंग इतके दिवस खोटं काहून बोलली? बाप काय रागावला असता?"

"नाई," दीपा म्हणाली. "पण सांगतलं असतं तं तुमी मले काय इचारलं असतं, बाबा?"

आजच्यासाठी दौलतरावांनी एक प्रश्न तयार ठेवला होता, पण तो पेशींचाच होता. दुसरा एकही त्यांना सुचेना.