आजोबांची कटिंग

बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशी सलूनवाल्याने दुकान उघडलं. गिऱ्हाईक म्हणालं, "फार वाईट झालं हो." तो म्हणाला, "मान जरा खाली." पुढचे तीन महिने असेच गेले. डोळ्यांतून टिपूस नाही. कुणी त्याला धीराचा म्हणालं, कुणी दगड. खरं तर तो दोन्ही नव्हता. दात काढण्याआधी गाल बधिर करतात ना, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता.

घरात बायकोचा एक निवडुंग होता. हातभर उंच, सरळसोट, आणि शेंड्यापासून बुडापर्यंत लांब पांढऱ्याशुभ्र केसांत गुरफटलेला. तिने तो बी पेरून वाढवला होता. अठरा वर्षांत हातभर! एवढ्यात माणसाचं पोर कॉलेजात जातं. तिने त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा, आणि आजोबांचे लाड काय विचारता. थंडीत पाण्याचा थेंब नाही. एरवी माती खडखडीत वाळली की वाटीभर. वर्षातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात दाढीचा मऊ ब्रश बुडवून केसांना आंघोळ. ब्रश अर्थातच दुकानातून पळवलेला.

परगावी नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन आला. "बाबा, महिनाअखेरीला येते. आजोबांना घेऊन जाईन, आई तसं सांगून गेलीये. तोवर नीट सांभाळा हं. तिच्या हातचं तेवढंच उरलंय."

जीव कशातच नसला तरी सोपवलेलं काम चोख करायचं, हा त्याचा जुना खाक्या. पाणी मोजून घातलं. ऊन मिळावं म्हणून कुंडी खिडकीत ठेवली. आणि एका सुट्टीच्या दुपारी त्याची नजर आजोबांवर गेली. खालचे केस पिवळट पडलेले, एका बाजूला जटा, मागे नुसतं रान. पोरगी म्हणेल, म्हाताऱ्याची आबाळ केली. चाळीस वर्षं ज्याने डोकी सोडून काही पाहिलं नाही, त्याच्या हाताने कात्री कधी उचलली ते त्यालाही कळलं नाही. पाऊण तासात आजोबा चकाचक. मागून आरसा दाखवायचं तेवढं राहिलं. आतले काटे बोटांत चार ठिकाणी घुसले होते, तेही त्याला रक्त दिसल्यावर समजलं.

आठवड्याभरात हिरव्या अंगावर पिवळे चट्टे उठले. मग ते तपकिरी झाले.

मुलगी आली, खांद्यावरची पिशवी न काढताच खिडकीशी गेली आणि उभीच राहिली.

"हे कुणी केलं?"

"मीच. जरा नीटनेटकं केलं, तू येणार म्हणून."

"बाबा, ते केस शोभेचे नव्हते हो. उन्हापासून जपायला होते. भाजलाय तो."

"सावलीत ठेवू. महिन्या-दोन महिन्यांत येतील परत."

"नाही येत. शेंड्याला नवीन वाढ होईल तेवढ्यालाच केस येतात. कापलेले गेले ते गेले."

"असं कसं? केस म्हटल्यावर परत येणारच की," तो म्हणाला, आणि तिथेच थांबला.

हेच वाक्य तो दवाखान्यात बोलला होता. औषधांनी बायकोचे केस पुंजक्यांनी गळायला लागले, तेव्हा दुसऱ्या कुणाला हात लावू न देता त्याने स्वतः मशीन फिरवलं होतं. तिने टाळूवर हात फिरवत विचारलं होतं, "येतील ना हो परत?" तो अगदी गिऱ्हाइकाला सांगावं तसा म्हणाला होता, केस म्हटल्यावर परत येणारच की. तिने विश्वास ठेवला होता. त्या गोष्टीत तरी नवऱ्याचा शब्द खोटा ठरणार नाही, असं तिला वाटलं असणार.

"बाबा?" मुलगी कुंडी उचलता उचलता वळली.

"तिला मी खोटं सांगितलं गं," तो म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून असा हंबरडा फुटला की मुलीच्या हातातली कुंडी सुटता सुटता राहिली.