गोपनीय माफीपत्र

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना एका सकाळी ईमेल आला. पाठवणारी होती चित्रपटांची चोरी पकडणारी कंपनी. ‘रक्ताळलेली परिचारिका, भाग तीन’ हा चित्रपट आपण इंटरनेटवरून बेकायदा उतरवून घेतला आणि इतरांनाही वाटला, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं.

“मी भाग एकसुद्धा पाहिलेला नाही!” बाई धाकट्या जावेला म्हणाल्या.

जाऊ भलतंच वाचत होती. कंपनीने हा ईमेल एकदम चारशे बारा जणांना धाडला होता. वर सगळ्यांची नावं, पत्ते आणि कोणी काय पाहिलं याची यादीही जोडली होती.

“अहो ताई, खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आहेत यात! आणि त्यांनी जे पाहिलंय ना... जाऊ दे, तुम्ही वाचू नका.”

बाईंनी वाचलं.

डॉक्टरांनी दोन दिवस दवाखाना उघडला नाही. जे लाज कोळून प्यायले होते, त्यांच्यापैकी एकाने सगळ्यांना उलट विचारलं, ‘भाग चार आहे का कुणाकडे?’ तिघांनी लगेच पाठवला. चोरांची आपसात ओळख करून द्यायचं काम कंपनीने फुकटात केलं होतं.

बाईंना मात्र हसू आलं नाही. यादी इमारतभर फिरली होती. जिन्यात भेटलेल्या माजी विद्यार्थिनीने आपल्या मुलीला हाताला धरून बाजूला घेतलं. दुसऱ्याच दिवशी बाई कंपनीत जाऊन थडकल्या.

“माझं नाव कोणी दिलं तुम्हाला?”

“ते गोपनीय आहे, मॅडम,” साहेब म्हणाले.

“आणि मी काय पाहते, ते चारशे जणांना कळवलंत, ते?”

“ती तांत्रिक चूक.”

बाईंनी टेबलावर पावती ठेवली. “तुम्ही म्हणता त्या तारखेला माझ्या घरी इंटरनेटच नव्हतं. जोडणी त्यानंतरच्या महिन्यात घेतली.”

“आमचं यंत्र चुकत नाही.”

“मग ते चुकेपर्यंत मी बसते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्चीत ठाण मांडलं. चार तासांनी साहेबांनी हात टेकले.

आठवड्याने माफीपत्र आलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘अत्यंत गोपनीय. फक्त आपल्यासाठी.’ आरोप साऱ्या गावाला आणि निर्दोष असल्याचं एकट्या बाईंच्या कानात! बाईंचा पारा चढला. त्यांनी ते पत्र यादीतल्या झाडून सगळ्यांना पाठवून दिलं. संध्याकाळी माजी विद्यार्थिनी मुलीला घेऊन दारात आली. नजर खाली, आवाज त्याहून खाली. बाईंनी तिला आत बसवलं, पण चहा मात्र जावेला करायला सांगितला.

तिसऱ्या दिवशी कंपनीची नवी नोटीस आली. आमचा मजकूर परवानगीशिवाय चारशे अकरा जणांना वाटल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?

बाईंनी ती शांतपणे वाचली, शुद्धलेखनाच्या सात चुकांना लाल खुणा केल्या, आणि गोपनीयतेला धक्का नको म्हणून स्वतः जाऊन साहेबांच्या हातात दिली.