लाकूड लय पेते

गोविंदाले अन् मले घरी बिअर बनवायचा नाद. गेल्या दिवाळीले आम्ही दोघांनी आपापली बिअर ओकच्या एकाच पिंपात ओतली अन् वर्षभर मुरू द्यायचं ठरवलं. पिंप देऊळघाटले, त्याच्या घरच्या थंड खोलीत ठेवलं. चव पाहाले पिंपाले खाली भोक पाडून त्यात एक खिळा ठोकला; खिळा उपसला की बिअरची बारीक धार येते. तो उपसायचा दोघं असतानाच, अन् तेही घोटभरासाठी, असा शब्द झाला होता.

दर महिन्याले पिंपातली बिअर कमी होये. गोविंदा म्हणे, "लाकूड पेते बे." लाकूड थोडं पेतेच, हे मलेही माहीत होतं. पिंपात हवा राहिली तर सारं आंबट होऊन जाईन, म्हणून मी बुलढाण्याहून दर महिन्याले नवी बिअर कॅनमध्ये नेऊन भर घालत गेलो. माझ्यासारखा मूर्ख मीच!

काल मलकापुरात त्याच्या साळ्यानं मले जेवाले बोलावलं अन् ग्लास पुढे केला. पहिल्याच घोटाले करपलेल्या ज्वारीची चव आली. ती ज्वारी दिवाळीत बिअरसाठी भाजताना माझ्याच हातून करपली होती.

"भारी आहे न? भाऊजी दर महिन्याले आणतात," साळा म्हणाला. "एकटेच बनवतात."

म्हणजे लाकूड नव्हतं पेत, मलकापूर पेत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गोविंदाच होता.

"या महिन्यात लाकूड लय प्यालं बे. दोन कॅन आणजो."